मंगळसूत्र आणि मूठभर धान्य

शाळेत असताना २२ सप्टेंबरला, कर्मवीर जयंतीला, मी भाषण केलं होतं. बाईंनी लिहून दिलेलं, मी पाठ केलेलं. त्यात वडाचं झाड होतं, 'कमवा आणि शिका' होतं, आणि शेवटाकडे आवाज जड करून म्हणायचं एक वाक्य होतं: वसतिगृहातल्या मुलांना उपाशी झोपावं लागू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. तिथे टाळ्या पडायच्या. मला पडल्या, माझ्या आधीच्या मुलीला पडल्या, माझ्या नंतरच्या मुलालाही पडल्या.

त्या भाषणात कोल्हापूरची कोठडी मात्र नव्हती.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातल्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं. संस्थानात खळबळ उडाली. या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांना अडकवायचं घाटत होतं आणि त्यासाठी त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारा माणूस हवा होता. एका तरुणाला पकडण्यात आलं. खोटी साक्ष दे म्हणून त्याचा छळ झाला. त्याने साक्ष दिली नाही. पण तो छळ त्याला झेपलाही नाही. कोठडीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, असं त्याची चरित्रं सांगतात.

हा तरुण म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील. तेव्हा त्यांचं वय सव्वीस-सत्तावीस, म्हणजे साधारण माझ्याएवढं. पाच वर्षांनी याच माणसाने रयत शिक्षण संस्था काढली.

आपण पुतळा बघतो तेव्हा पांढरी दाढी, खादी आणि ताठ मान दिसते. पुतळा कधी मोडून पडलेला नसतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की मोठी माणसं मुळातच वेगळ्या मातीची असतात आणि सोसण्याची ताकद ती जन्मतःच घेऊन येतात. भाऊरावांची गोष्ट नीट वाचली तर तसं दिसत नाही. हा माणूस एकदा पार कोलमडला होता. आणि त्यांच्या शेजारी उभी असलेली, कधीच न कोलमडलेली म्हणून जिला आपण टाळ्या देतो ती बाई, १९३० साली गेली. संस्थेचं पहिलं हायस्कूल निघायला तेव्हा अजून दहा वर्षं होती.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मंगळसूत्राच्या वाक्यावर टाळ्या वाजवणं अवघड जातं.

सावरणं

मानसशास्त्रात ज्याला 'रेझिलियन्स' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं यावर एकमत नाही. लवचीकता म्हणावं तर पाठीचा कणाच नसल्यासारखं वाटतं. चिवटपणा म्हटलं की शिळी भाकरी आठवते. तग धरणं म्हणजे पाऊस लांबल्यावर माणदेशातली बाजरी करते ते. मला 'सावरणं' हा शब्द बरा वाटतो आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. 'तो सावरला' असंही म्हणता येतं आणि 'तिने त्याला सावरलं' असंही. एकच क्रियापद. पहिल्या वाक्यात माणूस एकटाच आहे, दुसऱ्यात कुणीतरी हात दिलेला आहे. बहुतेक वेळा पहिलं वाक्य म्हणजे दुसऱ्याच वाक्याचा अर्धा भाग असतो. हात देणारी गाळली की उरतो तो 'सावरलेला' माणूस.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'रेझिलियन्ट सिस्टीम' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, पण त्याचा अर्थ मोटिव्हेशनल रीलमधल्या अर्थाच्या बरोबर उलटा आहे. न पडणारा सर्व्हर कुणी शोधत बसत नाही. प्रत्येक सर्व्हर कधी ना कधी पडणार, हे आधीच धरलेलं असतं. मग तो पडल्यावर त्याचं काम कोण उचलणार, हे ठरवून ठेवतात. एकाच मशीनवर सगळा भार असेल आणि ते चार वर्षं न थांबता चालत असेल, तर त्याचं कौतुक होत नाही. उलट ते बघून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

माणसांच्या बाबतीत हीच गोष्ट मानसशास्त्राला बऱ्याच उशिरा कळली. हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं केला. त्यातली काही मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा एकाहून अधिक संकटांत वाढत होती. त्यातली बरीचशी पुढे अडचणीत आली, पण सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती, प्रेमळ माणसं झाली. १९८२ साली आलेल्या पुस्तकाच्या नावात या मुलांना चक्क 'अजिंक्य' म्हटलं होतं. पण खुद्द अभ्यासात जे दिसलं ते त्या शब्दापेक्षा साधं होतं. या मुलांच्या आयुष्यात त्यांची मनापासून काळजी घेणारं एक तरी मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. शिवाय त्यांना काहीतरी नेमून दिलेलं काम होतं आणि ते काम कुणाच्या तरी उपयोगाचं होतं.

२००१ साली अॅन मास्टेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तोवरच्या संशोधनाचा सार मांडताना म्हटलं की ही जादू आहे, पण अगदी साधी, रोजची जादू आहे. त्यासाठी असामान्य मूल लागत नाही. सामान्य मुलाच्या भोवतीच्या सामान्य गोष्टी शाबूत असाव्या लागतात.

काउआईतलं पहिलं मूल जन्माला यायच्या तीस वर्षं आधी साताऱ्यात या सगळ्या गोष्टी एका छपराखाली आल्या होत्या.

बोर्डिंगात काय होतं?

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. त्यांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुक आज सांगली जिल्ह्यात येतं, पण तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. सातारा हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याच्या मधेमधे सांगली, मिरज अशी पटवर्धनांची संस्थानं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून भाऊरावांची गोष्ट निम्मी साताऱ्याची आणि निम्मी सांगलीची आहे.

कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. तिथलं सोवळं-ओवळं त्यांना मानवलं नाही. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना बाहेर काढण्यात आलं, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. पुढे ज्याने शेकडो मुलांना छप्पर दिलं, त्याच्या डोक्यावरचं छप्पर असं एकदा गेलं होतं. नंतर कोठडी झाली. मग किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, त्याचं घर बघावं लागतं. शाळेच्या वयाची मुलं गुरांमागे जाताना त्यांनी त्या ओसऱ्यांवरून पाहिली. त्यांनी ज्याला शिकायला नेलं, तो ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलपर्यंत पोचला.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली मुक्काम साताऱ्याला हलला आणि तिथे वसतिगृह सुरू झालं. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

या वसतिगृहाचं वर्णन करताना आपण जातिभेद मोडला इथेच थांबतो. ते मोठंच काम होतं. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशी मुलं एका पंगतीत बसत होती आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वी. पण दुसऱ्या बाजूनेही बघू. दहा-बारा वर्षांचा, आईवडिलांना सोडून, गावाबाहेर कधी न गेलेला पोरगा साताऱ्यात येतो. त्याला तिथे काय मिळतं?

पहिलं म्हणजे दोन वेळचं जेवण, आणि ते सगळ्यांना सारखं. दुसरं म्हणजे शिकवणी न लावता अभ्यास दाखवणारी, दोन वर्षं पुढे असलेली मुलं. तिसरं म्हणजे नाव घेऊन हाक मारणारी दोन मोठी माणसं. चौथं म्हणजे काम: स्वयंपाक, झाडलोट, पाणी, शेतातलं कष्टाचं काम. या चौथ्या गोष्टीचं आज कुणाला अवघडल्यासारखं वाटेल. लहान मुलांना राबवायचं? पण यातल्या बहुतेक मुलांना घरी राहूनही राबावंच लागणार होतं, तेही शाळेशिवाय. बोर्डिंगात कष्टाला शिक्षणाची जोड मिळाली. आपण कुणाच्या उपकारावर जगत नाही, आपलं आपण कमावतो, ही भावना उपाशी घरातून आलेल्या मुलाला भाकरीइतकीच लागते. दान घेणाऱ्याची मान खाली जाते, हे भाऊरावांनी बरोबर ओळखलं होतं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य म्हणूनच आलं.

या बोर्डिंगात वाढलेल्या मुलांपैकी पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपण हे वाक्य 'जिद्दीने शिकले' असं लिहितो. जिद्द होतीच. पण त्याच वयाची, तितकीच जिद्दी किती पोरं बोर्डिंगच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत, याची यादी कुठल्या शाळेच्या भिंतीवर लागलेली नाही. जिद्दीला टेकायला जागा लागते.

माउली

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ.

त्या कुंभोजच्या पाटलांच्या घरातल्या. खात्यापित्या, कर्मठ जैन घरात वाढलेल्या. लग्नात अंगावर भरपूर सोनं घेऊन आलेल्या. नवरा आधी कोठडीत गेला, मग नांगर विकत फिरू लागला, मग घरात मुलं आणू लागला. कुठल्याही जातीची, भुकेली, पोरकी मुलं. ज्या घरात दुसऱ्याचं पाणी चालत नाही अशा घरात वाढलेल्या बाईला या सगळ्यांचं करणं किती जड गेलं असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. त्यांनी केलं. मुलांची आजारपणं काढली. दागिने एकेक करून गेले. आणि एक दिवस असा आला की घरात धान्य नव्हतं, पैसे नव्हते आणि पोरं जेवायची होती. त्या दिवशी मंगळसूत्र गेलं.

आज ज्यांना फक्त फॅशन म्हणून मंगळसूत्र माहीत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणं म्हणजे अमंगळ ओढवून घेणं, अशी समजूत होती. म्हणजे लक्ष्मीबाईंनी फक्त सोनं दिलं नाही, एक मोठी भीतीही गिळली. ती गिळताना त्यांच्याशी कोण बोललं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. भाऊरावांच्या सभा, भांडणं, शपथा, प्रवास यांबद्दल पानंच्या पानं आहेत. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्याग आणि वात्सल्य हे दोन शब्द येतात आणि मग १९३० मधला त्यांचा मृत्यू.

त्यांना 'रयतमाउली' म्हणतात. पदवी मोठी आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. माउलीला सुटी नसते. माउली थकली असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही, कारण थकली तर ती माउली कसली? कामाचा हिशेब कामगाराला विचारता येतो. माउलीला पगार, पाळी, रजा यांबद्दल विचारणं हा तिचा अपमान ठरतो.

आमच्या कामात रात्री-अपरात्री सिस्टीम पडली तर फोन उचलायची पाळी असते. तिला ऑन-कॉल म्हणतात. दर आठवड्याला पाळी बदलते, कारण एकच माणूस रोज रात्री जागा राहिला तर आधी त्याच्या चुका वाढतात आणि मग तो नोकरी सोडतो. हे कळायला कुणाला मानसशास्त्र शिकावं लागलं नाही. लक्ष्मीबाईंची पाळी कधी बदललीच नाही.

दोष द्यायला मी हे लिहीत नाही. १९२० च्या दशकातल्या त्या घरात दुसरा इलाज नव्हता. माझं म्हणणं आपल्या टाळ्यांबद्दल आहे. मंगळसूत्र विकावं लागलं, ही ज्या क्षणी व्यवस्था मोडून पडली त्या क्षणाची नोंद आहे. तिथे आपण टाळ्या वाजवतो.

मूठ

याचं उत्तर रयतच्याच इतिहासात आहे, फक्त ते भाषणात फारसं येत नाही, कारण त्यात डोळ्यांत पाणी आणणारं काही नाही. त्याचं नाव मुष्टिफंड. घरटी मूठभर धान्य वसतिगृहासाठी द्यायचं. पोतं नको, पायली नको, एक मूठ. ज्या घरात चार माणसांचं कसंबसं भागतं, तिथेही एक मूठ निघते. आणि ती दिल्याने कुणी उपाशी राहत नाही.

ही कल्पना वारकऱ्यांच्या, माधुकरी मागणाऱ्यांच्या मुलखात उगवलेली आहे, त्यामुळे लोकांना ती समजावून सांगावी लागली नसणार. पण हिशेबाच्या दृष्टीने बघा. मंगळसूत्र एकदाच विकता येतं. ते गेलं की पुढच्या महिन्याला काय? मूठ दर वेळी निघते. मंगळसूत्र देणारी एक बाई आजारी पडली तर सगळंच थांबतं. मूठ देणारी दहा घरं थांबली तरी नव्वद चालू असतात. शिवाय मूठ देणाऱ्या घराचं वसतिगृहाशी नातं जुळतं. तिथला पोरगा मग त्यांचाही होतो.

संस्था टिकली ती या दुसऱ्या वाटेने. १९४८ साली सरकारने रयतचं अनुदान थांबवलं, तेव्हा लोकांच्या वर्गणीवर शाळा चालू राहिल्या आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झालं. तोवर मुठी पुरेशा झाल्या होत्या. संस्थेचं बोधचिन्ह वड आहे, ते या अर्थाने अगदी बरोबर आहे. वड जसा पसरतो तसा तो खोडावर भार वाढवत नाही. फांदी लांब गेली की ती पारंबी सोडते, पारंबी जमिनीला टेकते आणि तिचंच खोड होतं.

थकलेल्यांचं शास्त्र

लक्ष्मीबाईंनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने एक शब्द रूढ केला: बर्नआउट. आज तो आपण आयटीतल्या डेडलाइनसाठी वापरतो, पण त्याचा जन्म कंपनीत झालेला नाही. फ्रॉइडेनबर्गर दिवसा स्वतःचा दवाखाना करून संध्याकाळी एका मोफत क्लिनिकमध्ये काम करायचा. व्यसनात अडकलेली, बेघर पोरं तिथे यायची. मन लावून काम करणारे स्वयंसेवकच आधी रिकामे होत जातात, चिडचिडे होतात, ज्यांच्यासाठी आले त्यांच्याबद्दलच कडवट होतात, हे त्याला दिसलं. त्याने ते स्वतःमध्येही पाहिलं. पुढे १९८१ साली क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजायची जी प्रश्नावली केली, तिची मूळ आवृत्ती लोकसेवेच्या क्षेत्रांसाठीच होती: नर्सेस, समाजसेवक, समुपदेशक, शिक्षक.

म्हणजे दुसऱ्याला सावरण्याचं काम करणारे स्वतः कसे ढासळतात, याचं शास्त्र उभं राहायला विसावं शतक सरत आलं. त्यातून निघालेली गोष्टही एमी वर्नरच्या मुलांसारखीच आहे. कोण किती कणखर आहे यापेक्षा कामाचा बोजा किती, हातात अधिकार किती, मोबदला किती आणि सोबत कोण, यावर बरंच ठरतं.

हे माहीत असून आपण काय केलं? २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा सेविका आल्या. गावातलीच बाई, गावासाठी. गरोदर बायका, बाळं, लसी, क्षयाचे रुग्ण, सगळ्यांच्या नोंदी तिच्याकडे. कागदावर ती स्वयंसेविका, त्यामुळे पगार नाही, मानधन. मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच कुटुंबाभोवती कोरोनाचे रुग्ण सापडले आणि अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे गेलं. त्या महिन्यांत राज्यभर दारोदार जाऊन कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे हे विचारणाऱ्या बायका आशाच होत्या. लोक दार लावून घेत होते आणि त्या दार वाजवत होत्या. २०२१ साली महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला.

पुरस्कार द्यायला कुणाची हरकत नाही. पण शाळेतल्या त्या टाळ्या मला इथे पुन्हा ऐकू येतात. माउलीला पुरस्कार मिळतो, पाळी बदलून मिळत नाही.

गोकुळनगर

सावरणारे एकीकडे आणि सावरले जाणारे दुसरीकडे, अशी विभागणी मोडता येते का? याचं एक उत्तर सांगली शहरातच आहे आणि ते अशा वस्तीतून आलं, जिथून उत्तराची अपेक्षा कुणी केली नव्हती.

१९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढच्या काही वर्षांत सांगलीसारख्या, महामार्ग आणि बाजारपेठ असलेल्या जिल्ह्यांत तो वेगाने पसरला. औषध नव्हतं. सरकारी भाषेत वेश्या व्यवसायातल्या बायका म्हणजे रोगाच्या 'वाहक'. त्यांच्याकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकांना कुणी वाहक म्हटलं नाही. त्या बायकांच्या वाट्याला छापे, सक्तीच्या तपासण्या आणि दवाखान्यातली हिडीसफिडीस आली.

१९९२ मध्ये मीना शेषू यांनी सांगलीत संग्राम ही संस्था सुरू केली. संग्राम म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्था. गोकुळनगर या वस्तीत काम करताना त्यांनी एक साधी गोष्ट मान्य केली: या धंद्यातलं आम्हाला काही कळत नाही, तुम्हाला कळतं. कंडोम वाटायचे कुणी? त्या बायकांनीच. गिऱ्हाइकाला पटवायचं कसं, हे शिकवायचं कुणी? त्यांनीच. आजारी मैत्रिणीला सिव्हिलमध्ये न्यायचं, डॉक्टरशी भांडायचं, तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसायचं, तिच्या पोरांचं बघायचं, हेही त्यांनीच केलं. १९९६ मध्ये त्यांचीच संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प.

सरकारतर्फे मोफत एआरटी औषधं सुरू झाली ती १ एप्रिल २००४ पासून, तीही आधी मोजक्या ठिकाणी. म्हणजे या बायकांनी जवळपास दहा वर्षं औषधाशिवाय काढली. त्या दहा वर्षांत त्यांच्या हातात एकमेकींशिवाय काही नव्हतं. वर्तमानपत्रांत 'पीडित' किंवा 'पतित' असे दोनच शब्द मिळणाऱ्या बायका जिल्ह्यातली आरोग्यसेवा चालवत होत्या.

अमेरिकी सरकारच्या मदतीला एक अट जोडली गेली: वेश्याव्यवसायाला विरोध असल्याच्या प्रतिज्ञेवर सही करा. संग्रामने सही केली नाही आणि तो पैसा सोडला. ज्यांच्यासोबत काम करतो त्यांच्याच विरोधात सही कशी करायची, हा साधा प्रश्न होता. हा व्यवसाय काम मानावा की शोषण, यावर स्त्रीवादी चळवळीतही आजवर तीव्र मतभेद आहेत आणि ते इथे मिटणारे नाहीत. पण १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बायकांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, पोलिसांनी त्यांना माणसासारखं वागवावं, असे निर्देश दिले. गोकुळनगर ही गोष्ट कितीतरी आधीपासून म्हणत होतं.

मला या गोष्टीत मुष्टिफंड दिसतो. धान्याच्या जागी वेळ आहे, माहिती आहे, दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं आहे. आज मी तुझ्यासोबत येते, उद्या तू तिच्यासोबत जा. एकीवर सगळं नाही. आणि जी आज आजारी आहे तीच बरी वाटल्यावर दुसरीला घेऊन जाणार आहे, म्हणून कुणाची मान खाली जात नाही. बोर्डिंगातला मोठा मुलगा धाकट्याला गणित दाखवतो, तसंच हे.

कुणाचा हात होता?

या दोन जिल्ह्यांत सोसणं नवीन नाही. माण-खटाव-जतला दुष्काळ, कृष्णाकाठाला पूर, कोयनेला १९६७ चा भूकंप आणि धरणामुळे उठलेली गावं. दर वेळी आपण म्हणतो, इथली माणसं चिवट आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर. पाणी ओसरल्यावर हेच ऐकलं. त्या बोलण्यात कौतुक असतं, हे खरं. पण माणूस चिवट आहे असं एकदा ठरलं की त्याला मदत उशिरा पोचली तरी चालते.

म्हणून आता कुणी कसा सावरला, हे ऐकलं की मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो: कुणाचा हात होता? आणि त्या हाताला कोण हात देतंय? घरात आजारी माणसाचं करणारी सून, हॉस्टेलची रेक्टर, हेल्पलाइनवर रात्रीची पाळी करणारा समुपदेशक, आशाताई, मित्रांचे सगळे फोन उचलणारा एकच मित्र. यांतलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना 'तू किती खंबीर आहेस' म्हणण्याआधी, या आठवड्याची पाळी मी करू का, असं विचारून बघा.

कोल्हापूरच्या कोठडीतला तो तरुण पुढे एक्काहत्तर वर्षांचा होऊन १९५९ साली गेला. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आता मला शाळेत पुन्हा भाषण करायला मिळालं तर मी कोठडीपासून सुरुवात करीन आणि मंगळसूत्रापाशी थांबणार नाही. एका गावाचं, एका घराचं वाक्य घेईन. दळायला बसलेल्या बाईने जात्याजवळच्या सुपातून एक मूठ जोंधळे बाजूला काढून ठेवले. त्यावर कुणी टाळ्या वाजवणार नाही, हे मला माहीत आहे.